खराचे तीन दिवस

माघी सरली की जंगल उघडतं, तीन दिवस.
तीनच. फाटकावर चिठ्ठी दाखवायची,
विळा मोजून आत, विळा मोजून बाहेर,
आणि माणसंही त्याच वहीत,
विळ्यांच्या खालच्या रकान्यात.

घरावर आता पत्रा आहे, कतारहून आलेला,
म्हणजे पैसे तिथले, पत्रा नेपाळगंजचा.
पावसात त्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही,
ते एका अर्थी बरंच.
तरी मी खर कापायला येते.
शेळ्यांच्या गोठ्यावर पत्रा घालण्याइतका
माझा मुलगा अजून श्रीमंत झालेला नाही.

धुकं इतकं दाट की गेरुवा नदी नुसती ऐकायची.
पलीकडच्या वाळूवर घडियाल पडलेत म्हणे,
नाकाच्या शेंड्यावर मडकं घेऊन;
होडीवाला मंगरू सांगतो, थंडीत त्यांचेही सांधे धरतात.
सावरीवर गिधाडं, पंख मिटून,
एकही अजून उठलेलं नाही.
साल संपतो तिथे गवत सुरू होतं
आणि गवतात माणूस संपतो.
पुढच्या बाईचं फक्त खोकणं दिसतं.

आम्ही बोलत राहतो. इथे मुक्यानं काम करू नये.
सोमती सुनेच्या तक्रारी सांगते,
वाघाला, गेंड्याला, सगळ्यांना कळाव्यात इतक्या मोठ्यानं.
ठगनी मधूनमधून हूं म्हणते. मी कापते.
मूठ, विळा, मूठ, विळा,
दव बाहीतून पार काखेपर्यंत,
पायावरच्या गोंदणातला मोर चिखलात बुडालेला.

दुसऱ्या दिवशी मूठ गरम लागली.

ऊन अजून नदीपल्याड होतं.
समोर गवत निजलेलं, गोल,
बाळंतिणीची खाट असते तेवढं,
काड्या सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या,
कडेला पोटाच्या पांढऱ्या केसांचा पुंजका.
वास अंदीच्या भाताचा,
माघीला चुलीवर चिकट तांदूळ शिजतो ना, तसा.
अर्धं अंथरूण मी कापून टाकलं होतं.

ओरडले असते तर शिट्ट्या वाजल्या असत्या,
पहाडातून आलेला टेकेंद्र शिपाई बंदूक घेऊन धावला असता
आणि सगळ्या गावाचा तिसरा दिवस बुडाला असता.
मी मागं सरले, पाठ न फिरवता,
सासऱ्यांसमोरून उठायचे तशी.
उरलेलं अर्धं उभं ठेवलं. म्हणजे निजलेलंच ठेवलं.
सोमती म्हणाली, ‘गप्प का झालीस?’
म्हटलं, ‘तुझ्या सुनेचं बरोबर आहे, असं वाटायला लागलंय.’
दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.
तेवढ्या शांततेत मी ऐकलं:
चितळाची एक हाक, नदीच्या बाजूनं,
मग वानर, त्यापुढे, आणखी पुढे.
ती चालली होती
आणि झाड झाडाला सांगत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी बावीस भारे. वहीत बावीस.
फाटक मिटलं. आता उरल्या गवताला ते काडी लावतील,
काळ्या राखेत पोपटी कोंभ, कोंभांवर बारशिंगे,
बारशिंग्यांमागून पुन्हा ती, कडेकडेनं.

मंगळवारी गोठा शाकारून झाला.
शेळ्या आत जाईनात.
दाणे दाखवले, शिव्या दिल्या, चितरीला शिंगाला धरून ओढलं,
ती चारी पाय रोवून छपराकडं बघत राहिली.
चार रात्री अंगणात, दवात, एकमेकींना चिकटून.
सोमतीची सून हसली: ‘काय छप्पर घातलंत, काकी!’

पाचव्या रात्री मीच आत गेले, गोधडी घेऊन.
काड्यांतून धुकं झिरपत होतं.
वर कुठेतरी, बाविसातल्या एका भाऱ्यात,
अंदीचा भात अजून शिजत होता.

पहाटे चितरी दाराशी आली.
आधी मला हुंगलं, बराच वेळ.
मग पाय आत टाकले,
पुढचे दोन.
मागचे दोन अजून अंगणातच.